दरवाजाच्या रबराची बखर

(धागा जरा लांबला आहे. सवडीने वाचावा.)

जुलैमधली कोल्हापूरची एक पहाट. रात्रभर कोसळून पाऊस नुकताच थांबलेला. एका निवृत्त विज्ञान शिक्षकांनी अंगणातल्या फियाटचा दरवाजा उघडला, चालकाच्या पायाखालची काथ्याची चटई उचलली आणि पिळली. तांब्याभर पाणी निघाले. काच फुटलेली नव्हती, छपराला भोक नव्हते, दरवाजा रात्री नीट लावलेला होता. तरीही पाणी आत आले होते. आणि ते त्या रात्री पहिल्यांदाच आलेले नव्हते, हे चटईखालच्या पत्र्याचा तांबूस रंगच सांगत होता.

गल्लीत या गृहस्थांना सगळे ‘सर’ म्हणतात. येथेही तेवढे नाव पुरेसे आहे.

गाडी १९७४ ची. म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या या मोटारीला ज्या वर्षापासून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले, त्याच वर्षाची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला, १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली, मग ती ‘प्रेसिडेंट’ झाली आणि अखेर चितोडच्या राणीच्या नावाने ‘पद्मिनी’. लोकांनी ही सगळी बारशी बाजूला ठेवून तिला फियाटच म्हटले. जसे तिच्या आधीच्या गोलसर गाडीला कोणाचीही परवानगी न घेता ‘डुक्कर फियाट’ म्हटले होते. सरांच्या वडिलांनी नाव नोंदवून काही वर्षे वाट पाहिली, तेव्हा ती दारात आली. परवाना राज्याच्या त्या काळात मोटार नुसती विकत मिळत नसे, ती लाभावी लागे.

जुन्या मोटारींवर लिहिणारे बहुधा इंजिनावर लिहितात. १०८९ घनसेंटिमीटर, चार सिलिंडर, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, वगैरे. दरवाजाभोवती फिरणाऱ्या काळ्या रबरी पट्टीवर कोणी लिहीत नाही. वास्तविक इंजिन उघडून पुन्हा बसवता येते, रंग खरवडून पुन्हा देता येतो. पत्रा आतून सडू लागला, की मात्र गाडीचे दिवस भरत आले असे समजावे; आणि पत्र्याला पाण्यापासून राखण्याचे काम या बोटभर जाडीच्या पट्टीकडे असते. बाजारात तिला ‘बीडिंग’ म्हणतात, किंवा नुसतेच ‘दरवाजाचे रबर’.

सरांनी शाळेतली सवय सोडली नाही. आधी प्रयोग, मग निष्कर्ष. वर्तमानपत्राच्या अरुंद पट्ट्या कापल्या. दरवाजा उघडायचा, चौकटीवर कागदाची पट्टी ठेवायची, दरवाजा लावायचा आणि पट्टी ओढायची. रबर जिवंत असेल तर कागद अडखळत येतो, कधी फाटतोही. मेलेले असेल तर दप्तरातून वही निघावी तसा अलगद हातात येतो. दर चार बोटांवर एक, याप्रमाणे चारही दरवाजे झाले. मग रबरावर खडूची भुकटी चोळून दरवाजे लावून पाहिले. समोरच्या पत्र्यावर जिथे पांढरी रेघ उमटली नाही, तिथे फट. दोन्ही चाचण्यांचे निदान एकच निघाले. वरचे कोपरे गेलेले. चालकाच्या बाजूचे दोन्ही दरवाजे सर्वांत वाईट, कारण गाडी वर्षानुवर्षे ती कूस पश्चिमेच्या उन्हाला देऊन उभी असे. पुढचा डावा दरवाजा काठावर पास. मागचा डावा, भिंतीच्या सावलीतला, अजूनही कागद सोडत नव्हता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोटारीच्या दरवाजाच्या पोकळीत पाणी शिरणे हा दोष नव्हे. काच खाली-वर होते तेथे थोडे पाणी उतरणारच, हे बनवणाऱ्याने गृहीत धरलेले असते. म्हणून दरवाजाच्या तळाशी निचऱ्याची बारीक छिद्रे ठेवलेली असतात. काचेलगतची पट्टी आक्रसली की उतरणारे पाणी वाढते आणि त्याच पट्टीचा चुरा गाळाबरोबर खाली जाऊन ती छिद्रे बुजवतो. मग दरवाजा हा उभा हौद होतो आणि तळाचा पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून रंगाला फोड आलेला दिसेपर्यंत आतले काम झालेले असते. सरांनी सायकलच्या आऱ्याने छिद्रे मोकळी केली, तेव्हा काळा चिखल ओघळला.

मिस्त्रींनी पायाखालचा पत्रा पेचकसाने टोकरला. पेचकस आरपार गेला. रुपयाच्या नाण्याएवढे भोक.

एवढ्याशा भोकाने सर का हादरले, याला एक शासकीय कारणही आहे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पुरी केलेल्या खासगी दुचाकी व मोटारींसाठी ‘व्हिंटेज’ हा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अट अशी, की वाहन मूळ रूपात असावे. सांगाडा, बाह्य कवच आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. दरवाजाच्या रबराचा तेथे उल्लेखही नाही. परंतु रबराने दगा दिला की पत्रा जातो, आणि पत्रा कापून कवचच बदलण्याची वेळ आली तर मूळ रूपाचा दावा कशावर करायचा? सरांच्या गाडीने २०२४ मध्ये पन्नाशी गाठली होती. कोरा अर्ज टेबलाच्या खणात होता.

मिस्त्रींना हा सगळा घोळ मान्य नव्हता. त्यांनी चालकाच्या दरवाजाची पट्टी अंगठ्याने दाबली. ती दबली नाही, कोपऱ्यात मोडली.

“सर, ह्ये रबर न्हाई ऱ्हायलं. खापर झालंय. काढून टाका, बाजारातलं नवं मारू.”

“मूळचं आहे हो ते, मिस्त्री. मऊ करता येतंय का बघू आधी.”

“मूळचं, मूळचं काय करतायसा? मेल्या म्हशीला मणभर दूध!”

म्हण नेमकी होती, आणि जुन्या वस्तूंच्या नादी लागलेल्या प्रत्येकाने ती भिंतीवर लिहून ठेवावी अशी होती. तरीही सरांचा प्रश्न पोरकट नव्हता. कडक झालेले रबर पुन्हा मऊ होते का? याचे उत्तर रबराच्या इतिहासातच दडले आहे.

मध्य अमेरिकेतील लोक इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून रबराचे चेंडू करीत. एका स्थानिक झाडाचा चीक आणि रात्री फुलणाऱ्या एका वेलीचा रस ते एकत्र करीत. त्या रसाने चिकाला लवचीकपणा येई. युरोपला रबर ठाऊक झाले ते बरेच उशिरा, आणि आधी खोडरबर म्हणून. १८२३ साली चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी रबर नॅफ्थ्यात विरघळवून दोन कापडांच्या मध्ये त्याचा थर दिला आणि पावसाळी कोट तयार केला. पाऊस अडला, पण कोट थंडीत लाकडासारखा ताठ होई आणि उन्हात चिकट. कच्च्या रबराचा स्वभावच तो. त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब दोरे, एकमेकांत गुंतलेले पण कोठेही गाठ न मारलेले. उष्णतेत ते एकमेकांवरून घसरतात, थंडीत जागच्या जागी आखडतात.

गाठ मारली चार्ल्स गुडइयर यांनी. या माणसाचे चरित्र वाचताना हसावे की रडावे ते कळत नाही. कर्जापायी तुरुंगवास झालेला. सरकारी टपालाच्या रबरी पिशव्यांचे काम मिळाले, तर त्या उन्हाळ्यात आपोआप विरघळल्या. १८३९ साली मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथे गंधक मिसळलेले रबर तापलेल्या शेगडीला लागले. ते वितळण्याऐवजी कातड्यासारखे करपले आणि करपलेल्या भागाच्या कडेला एक पट्टा असा राहिला, जो ना चिकटत होता ना आखडत होता. गंधकाने रेणूंच्या दोऱ्यांमध्ये जागोजागी पूल बांधले होते. अमेरिकेतील पेटंट त्यांना १८४४ साली मिळाले. परंतु इंग्लंडमध्ये थॉमस हॅन्कॉक यांनी गुडइयर यांचेच नमुने पाहून, त्यावरची गंधकाची पूड ओळखून, १८४३ मध्येच अर्ज दाखल केला होता. या क्रियेला रोमन अग्निदेवता व्हल्कन याच्या नावावरून ‘व्हल्कनायझेशन’ हे नाव मिळाले तेही हॅन्कॉक यांच्या एका मित्राकडून. गुडइयर १८६० मध्ये वारले ते कर्जातच. त्यांच्या नावाची टायर कंपनी १८९८ ची. तिचा त्यांच्या कुटुंबाशी संबंध नाही.

आता सरांच्या दरवाजाकडे परत यावे. गंधकाचे पूल हवे तेवढे असतील तर रबर दबते आणि पुन्हा फुगते. पूल वाढतच गेले तर जाळे इतके घट्ट होते की दोऱ्यांना हलायला जागाच उरत नाही. कारखान्यातील भट्टी बंद झाली तरी हे काम पूर्ण थांबत नाही. अंगणातले ऊन, हवेतला प्राणवायू आणि गेलेली ५० वर्षे मिळून ते पुढे रेटतात. त्यात रबर मऊ राहावे म्हणून मिसळलेले तेल हळूहळू उडून जाते. भरीस हवेतला ओझोन. त्याचे प्रमाण अत्यल्प असले तरी ताणलेल्या रबरावर तो नेमका घाव घालतो आणि ताणाला आडव्या भेगा पाडतो. पट्टी कोपऱ्यात वळते, वळणावर ताणली जाते, म्हणून पहिली भेग कोपऱ्यात. सरांच्या कागदी पट्ट्यांनी हेच सांगितले होते. ज्या क्रियेने चिकाचे रबर झाले, जवळपास तीच क्रिया लांबत जाऊन रबराचे खापर झाले. आणि शिजलेला भात जसा परत तांदूळ होत नाही, तसे हे जाळे तेल लावून उसवत नाही.

तरी सरांनी लावून पाहिले. चालकाच्या दरवाजाच्या पट्टीचा मोडलेला तुकडा होताच. एक भाग गंधपुऱ्याचे तेल आणि तीन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, झाकणाची काचेची बरणी, मोकळा व्हरांडा, जवळपास चूल-उदबत्ती काही नाही. टंकलेखन यंत्रांचे कडक झालेले रूळ मऊ करण्यासाठी ही युक्ती जुनी आहे. गंधपुरा म्हणजे सांधेदुखीच्या मलमातला तो ओळखीचा वास. घरच्यांना वाटले सरांचे गुडघे पुन्हा धरले. (तेल पोटात गेल्यास विषारी आहे. करून पाहणाऱ्यांनी बरणी मुलांपासून लांब ठेवावी.) चार दिवसांनी तुकडा बाहेर काढला तो मऊ, लवचीक आणि मूळच्यापेक्षा फुगलेला. सरांचा चेहरा उजळला. महिनाभरात अल्कोहोल उडाले, तेलही ओसरू लागले, तुकडा आक्रसला. बोटाला जेमतेम पहिल्यापेक्षा बरा वाटे. भेग मात्र तशीच, उलट फुगून-आक्रसून रुंदावलेली. ज्या रबराचा फक्त पृष्ठभाग ताठरला आहे त्याला या उपायाने थोडे आयुष्य मिळते. भेगाळलेल्याला मिळत नाही.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्यासाठी एवढे सांगणे अवश्य आहे, की राखण वेळेत केली तर हा प्रसंगच बरीच वर्षे लांबतो. सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावे, पूर्ण कोरडे करावे, ग्लिसरीन किंवा सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल, व्हॅसलीन आणि आपल्याकडचे लाडके खोबरेल, यांपैकी काहीही लावू नये. रबर फुगते आणि कुजते. जुन्या रबरावर कधी पांढुरकी साय दिसते, ती पुष्कळदा त्यात मुद्दाम मिसळलेल्या मेणाची असते आणि ओझोनला अडवण्यासाठीच वर आलेली असते. ती घासून काढण्याची घाई नको. आणि गाडी रंगवायची असेल तर त्याआधी सिलिकॉन जवळही आणू नये. रंगात खड्डे पडतात आणि रंगाऱ्याशी भांडण होते.

मग बदलायचेच, तर कशाने? बाजारात ‘सगळ्या गाड्यांना चालणारी’ बीडिंग मिळते. ती मिस्त्रींनी एका दरवाजाला लावून दाखवली. दरवाजा लागेना. जोराने आपटला तेव्हा लागला, पण खालची कड शेजारच्या पत्र्यापेक्षा पुढे आली. पट्टीचा आडवा छेद वेगळा होता. दरवाजा चौकटीवर कोठे दबतो, पोकळ भाग किती चेपतो, ओठ कोणत्या बाजूला झुकतो, हे सगळे त्या छेदात ठरते. म्हणजे हवा होता तो मूळचा आकार.

येथे सरांची गाठ अशा प्रश्नाशी पडली, जो पोथ्यांवर काम करणाऱ्यांना रोज पडतो. मूळ प्रत समोर आहे, पण झिजलेली. चालकाच्या दरवाजाची पट्टी ५० वर्षे दबून चपटी झाली होती. तिच्यावरून साचा काढला असता तर झिजेचीच नक्कल झाली असती. शुद्ध पाठ शिल्लक असेल तर तो एकाच ठिकाणी, मागच्या डाव्या दरवाजाच्या तळाशी, जेथे ऊन पोहोचले नाही आणि दाबही कमी पडला. पण तो पाठ उतरून घ्यायचा तर पट्टी कापावी लागणार. चारांतली एकच धड उरलेली मूळची पट्टी, आणि तिलाच पाते लावायचे.

सर आठवडाभर थांबले. मग नव्या पात्याला साबणाचे पाणी लावून त्यांनी दोन काप दिले आणि करंगळीच्या पेरापेक्षाही लहान तुकडा वेगळा केला. त्याच्या कापलेल्या तोंडाला शिक्क्याची शाई लावून आलेख कागदावर ठसा उमटवला. प्राथमिक शाळेत बटाट्याचे ठसे करतात, अगदी तसा. पहिला ठसा पसरला. चौथा स्वच्छ आला. पोकळी, ओठ, चिमटीसारखी बूड, सगळे मिलिमीटरच्या चौकटींवर मोजता येईल असे.

त्या ठशावरून उद्यमनगरातल्या एका कारागिराने पोलादी चकतीत तोच आकार कोरला आणि एका लहान रबर कारखान्याने त्यातून नवी पट्टी ओढून दिली. माल ईपीडीएम. हे कृत्रिम रबर १९६० च्या दशकात बाजारात आले. त्याच्या रेणूंच्या मुख्य दोऱ्यात ओझोनला पकडायला दुवाच नसतो, म्हणून आज मोटारींच्या दरवाजांसाठी सर्रास तेच वापरतात. कारखान्याने अट घातली की पूर्ण गुंडाळी घ्यावी लागेल. सरांनी घेतली. उरलेली पट्टी सांगली, इचलकरंजी आणि बेळगावच्या फियाटवाल्यांकडे गेली.

नवी पट्टी झाडाच्या चिकाची नाही, हे एका अर्थी बरेच झाले म्हणायचे. त्या चिकाच्या हिशेबात जे मांडलेले आहे ते कोणत्याही मोटारप्रेमीने डोळ्यांआड करू नये. १८७६ साली हेन्री विकहॅम याने ॲमेझॉनच्या खोऱ्यातून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या. त्यांतून उगवलेली काही हजार रोपे आशियातील मळ्यांचे मूळ ठरली. आपल्याकडे पहिला व्यापारी मळा १९०२ मध्ये केरळातील पेरियारकाठी तट्टेकाड येथे लागला. पण ते मळे हाताशी येण्यापूर्वी, १८८८ नंतर हवेच्या टायरमुळे मागणी भडकली, तेव्हा जगाला रबर पुरवले ते जंगलाने. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीच्या काँगोत गावागावांवर चिकाचा कोटा लादला गेला. तो भरला नाही तर गावे जाळली जात, माणसे मारली जात, हात तोडले जात. बोटींच्या याद्या पाहणाऱ्या एडमंड मोरेल या कारकुनाच्या लक्षात आले, की तिकडून रबर भरभरून येते आणि इकडून जातात त्या बहुतांशी बंदुका व काडतुसे. व्यापार असा नसतो. त्याने नोकरी सोडली आणि जगाला ओरडून सांगितले. १९०८ मध्ये राजाला काँगो सोडावा लागला. पाऊस अडवणाऱ्या साध्या वस्तूच्या घराण्यात हा पूर्वज आहे.

बसवण्याचे काम तीन दिवस चालले. जुना गोंद खरवडला, खालचा गंज घासला, प्रायमर दिला, पायाखालच्या भोकावर ठिगळ डाखले. कवच शाबूत राहिले. पट्टी लावताना सर मिस्त्रींच्या डोक्यावर उभे राहिले, कारण घाईत पट्टी ताणून बसवली की ती पुढे आखडते आणि कोपरा उघडा पडतो. कोपऱ्यात थोडी सैल, सांधा खाली, असे करत तीन दरवाजे झाले. पहिले पंधरा दिवस ते जड लागत होते. मिस्त्रींना कडीचा खटका सरकवायचा होता; सरांनी थांबवले. रबर बसले, दरवाजे आपोआप हलके झाले.

चौथा दरवाजा, मागचा डावा, सरांनी बदलला नाही. कापलेल्या जागी नव्या पट्टीचा तेवढाच तुकडा बसवला. ठसा दिलेला मूळचा तुकडा आलेख कागदासह एका हवाबंद पिशवीत, तारीख घालून, कपाटात गेला. ‘व्हिंटेज’चा अर्ज अजून खणातच आहे. त्या वर्गातले वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, आणि सरांना रविवारी भाजी आणायला फियाटच लागते.

पुढच्या जुलैत त्यांनी चारही पायांखाली वर्तमानपत्रे पसरली. रात्रभर पाऊस झाला. सकाळी तीन कागद कोरडे होते. मागच्या डाव्या बाजूचा कागद एका कोपऱ्यात, नव्या-जुन्या सांध्याच्या बरोबर खाली, तळहाताएवढा ओला होता.

“तेवढं बी बदलून टाका की आता,” मिस्त्री म्हणाले.

सरांनी ओला कागद काढला, घडी घातली आणि त्या जागी दुसरा पसरला.